गोव्यातल्या लाइव्ह पोकर टूर्नामेंटला ग्रुपमधला एक जण पाठवायचाय, काँट्री आणि हिस्सा कसा ठरवायचा?

शाहूपुरी_चौथी_गल्ली
मंडळी नमस्कार. आमचा दहा जणांचा ग्रुप आहे, निम्मे उद्यमनगरात आणि निम्मे शिरोली एमआयडीसीत. शनिवारी रात्री एकाच्या गच्चीवर टेक्सास होल्डेम पोकर खेळतो, पैसे लावत नाही, नुसत्या चिप्सवर. आधी काही जण ऑनलाइन खेळायचे पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशाचे सगळे ऑनलाइन गेम बंद झाले, त्यामुळं आता खरी स्पर्धा खेळायची तर गोवा.

आम्ही बघतोय त्या टूर्नामेंटचा बाय-इन, म्हणजे आत बसायला भरायचे पैसे, ३० हजार आहे, एकट्याला ते झेपणारं नाही. म्हणून विचार असा की प्रत्येकानं साडेतीन हजार काढायचे, ३० हजार बाय-इन आणि ५ हजार जाण्याराहण्याचा खर्च, आणि सगळ्यांच्या वतीनं एकानं खेळायचं. आता प्रश्न असे की कोण जाणार हे कसं ठरवायचं, पैसे आले तर वाटणी कशी, टॅक्स कुणी भरायचा, आणि कॅसिनोच्या टेबलावर बसल्यावर काय काय माहीत असायला हवं? कुणी खेळून आलं असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

मिसळ_आणि_कट
खेळणार एक, बाकीचे नऊ गोव्यात काय करणार ते आधी ठरवा, खरं बजेट तिथं लागणार आहे :)

गंगावेशचा_गडी
नाद खुळा आयडिया हाय भावा. कोल्हापुरात ह्ये नवीन न्हाई. तालमीत पैलवान असाच तयार हुतोय की, बदाम थंडाई सगळी पेठ घालती आन खासबागेत उतरतोय एकटाच. फकस्त पैलवान कोण ह्ये भांडण न करता ठरवा म्हंजे झालं.

आजरा_घनसाळ
कल्पना एकदम बरोबर आहे. पोकरमध्ये याला स्टेकिंग म्हणतात आणि मोठे खेळाडूही हेच करतात. २००३ च्या वर्ल्ड सीरीजच्या मेन इव्हेंटचा बाय-इन १० हजार डॉलर होता. ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट ८६ डॉलरची ऑनलाइन सॅटेलाइट (पात्रता स्पर्धा) जिंकून तिथं पोचला, ८३९ खेळाडूंत पहिला आला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंही वडिलांना आणि एका मित्राला आधीच हिस्सा विकलेला होता. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं करत नाही.

आता खेळाबद्दल. पानं तीच आहेत पण वेग फार वेगळा, आणि ऑनलाइन खेळलेल्या माणसाला पहिला धक्का तिथंच बसतो. लाइव्ह टेबलावर तासाला २५-३० हात, म्हणजे डाव होतात, त्याहून जास्त नाही. हातात एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. म्हणजे आठ तास नीट बसलात तर पूर्ण दिवसात एकदा, आणि त्या एका वेळी समोरचे सगळे पानं टाकून मोकळे होऊ शकतात. बाकीचा सगळा वेळ इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री असलं काहीतरी बघून टाकून द्यायचं आणि तरी लक्ष हलू द्यायचं नाही, कारण कोण कुठल्या पानांवर किती लावतो ही माहिती तेव्हाच मिळते. तुमच्या ग्रुपमध्ये हे कुणाला जमतं ते बघा. सगळ्यात हुशार माणूस पाठवू नका, न कंटाळणारा पाठवा.

दुसरं म्हणजे ब्लाइंड, पानं बघायच्या आधी दोघांनी पाळीपाळीनं लावायच्याच चिप्स, एक लहान आणि एक मोठा (बिग ब्लाइंड). समजा सुरुवातीला २५ हजारांच्या चिप्स मिळाल्या आणि ब्लाइंड १००/२०० आहेत, म्हणजे तुमच्याकडं १२५ बिग ब्लाइंड, आरामात खेळा. तेच २५ हजार घेऊन तुम्ही १०००/२००० च्या लेव्हलला पोचलात तर साडेबारा बिग ब्लाइंड उरले. एक चिप हरला नाहीत तरी गरीब झालात! तिथून पुढं कॉल करून (समोरच्यानं लावलं तेवढंच लावून) फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं, बघणं वगैरे चैन संपते, चांगलं पान आलं की सगळं पुढं ढकलायचं नाहीतर टाकायचं. गच्चीवर बहुतेक लोक ब्लाइंड वाढवतच नाहीत, त्यामुळं हा भाग कुणाच्या अंगात नसतो. आतापासून दर २०-३० मिनिटांनी ब्लाइंड वाढवून खेळा.

उत्तरेश्वर_पेठ
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. पत्त्यांपायी आणि मटक्यापायी बसलेली घरं मी जवळून बघितलीत. पगाराच्या दिवशी बायको कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहायची कारण नाहीतर पगार घरी येत नव्हता. तुमच्या ग्रुपमधल्या दहातल्या नऊ जणांना काही होणार नाही, मान्य. दहाव्याला गोवा दाखवून आणायची जबाबदारी तुमची आहे का याचा विचार करा.

आणि दुसरं, टूर्नामेंट म्हणजे एकदाच पैसे भरायचे हे कागदावर. माणूस बाहेर पडला की रूमच्या दारातच रूलेट फिरत असतं. हरलेला माणूस त्या वेळी शहाणा नसतो.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
@उत्तरेश्वर_पेठ काका राग कशाला, हे ऐकायलाच धागा काढलाय. आमच्यातले दोघं कर्जाचे हप्ते भरतायत, त्यांनी साडेतीन हजार पण काढावेत का यावर आमच्यात बोलणं झालंय. रूलेटचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता.

देवकर_पाणंद
काकांचा रूलेटचा मुद्दा आकड्यात सांगतो. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात आणि एका आकड्यावर लागलं तर ३५ पट देतात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागं कॅसिनोचे सरासरी २ रुपये ७० पैसे ठरलेले, तुम्ही कितीही हुशार असा. पोकरमध्ये तुम्ही एकमेकांविरुद्ध खेळता, कॅसिनो फक्त बाय-इनमधून आपली फी घेतो. दोन्ही एकाच छपराखाली आहेत म्हणून एकच समजू नका, पण एकाच छपराखाली आहेत हे विसरू पण नका.

राजारामपुरीची_लेक
मी खेळले आहे, नवऱ्याबरोबर गेले होते, तो लवकर बाहेर पडला आणि मी बबलच्या पुढं गेले. टेबलावर नऊ जणांत मी एकटी बाई. पहिला तासभर शेजारचे एक गृहस्थ मला प्रत्येक हातानंतर काय करायला हवं होतं ते समजावत होते. मी हो हो म्हणत राहिले, त्यामुळं ते काय पानांवर काय करतात हे त्यांनी स्वतःच मला सांगून टाकलं. तुमच्या माणसाला सांगा, तिथं कुणी शिकवायला लागलं तर शांतपणे ऐकून घे.

आता प्रत्यक्ष काय काय होतं ते लिहिते कारण आधी हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

पानं हातात उचलून बघत नाहीत. दोन्ही तळहातांची आडोशासारखी ओंजळ करायची, पानं टेबलावरच ठेवायची, अंगठ्यानं कोपरा जेमतेम नखाएवढा उचलायचा, बघायचं, खाली ठेवायचं आणि वर एखादी चिप ठेवायची. चिप ठेवली नाही आणि डीलरनं चुकून तुमची पानं गोळा केली तर ती गेली, परत मिळत नाहीत. घरी आपण पानं छातीशी धरून बसतो, ती सवय मोडायलाच हवी.

बोललेला शब्द बांधील असतो. रेझ (लावलेली रक्कम वाढवणं) म्हणालात की रेझच, मागं घेता येत नाही. आणि न बोलता चिप्स टाकायच्या असतील तर एक नियम पाठ करून जा. माझ्याच टेबलावर झालं, ब्लाइंड ५००/१००० होते, एकानं काही न बोलता ५ हजारांची एक चिप पुढं सरकवली, त्याला रेझ करायचं होतं. डीलर म्हणाला, 'कॉल', आणि ४ हजार त्याच्याकडं परत सरकवले. एकच मोठी चिप, तोंडानं काही न सांगता, म्हणजे कॉल, जगभर असंच आहे. त्याच्याकडं राजांची जोडी होती हे नंतर कळलं, स्वस्तात मागचे तिघं आत आले, फ्लॉपवर बदामचा एक्का पडला आणि तो संपला. म्हणून आधी बोला, मग चिप्सना हात लावा.

तसंच दोनदा-तीनदा हात नेऊन थोड्या थोड्या चिप्स टाकायच्या नाहीत, पहिल्यांदा गेल्या तेवढ्याच धरतात. आणि आपला नंबर यायच्या आधी बोलायचं नाही, आपल्या उजव्या हाताला कोण बसलंय ते बघून ठेवायचं, त्याच्यानंतर आपण.

गंगावेशचा_गडी
ताई एक नंबर लिहिलंय. शेजारच्याला बोलू द्यायचं हे तर लय भारी.

मिसळ_आणि_कट
बबल म्हणजे काय ताई? आम्हाला फक्त बबलगम माहीत.

राजारामपुरीची_लेक
@मिसळ_आणि_कट :) बक्षीस मिळणाऱ्या जागांच्या एक आधी बाहेर पडणं म्हणजे बबल. समजा १५० जण आहेत आणि २२ जणांना पैसे मिळणार, तर २३ वा आला त्याला काहीच नाही, दिवसभर बसून. त्यामुळं २४-२५ जण उरले की सगळी रूम बदलते. मगाशी टेबलावर गप्पा मारणारे लोक उभे राहून दुसऱ्या टेबलांवर कुणाच्या किती चिप्स उरल्यात ते मोजायला लागतात. मग हँड फॉर हँड सुरू होतं, म्हणजे प्रत्येक टेबलावर एकच हात वाटायचा आणि सगळ्यांचा संपेपर्यंत थांबायचं, नाहीतर कुणीतरी मुद्दाम वेळ काढून दुसऱ्याच्या मरणाची वाट बघत बसेल.

माझ्या पलीकडं एक पोरगा होता, त्याच्याकडं दोन-तीन बिग ब्लाइंडच उरले होते. तो चिप्सची एकच लहानशी चळत बोटांनी वर-खाली करत होता आणि पानं न बघता टाकत होता. त्याच वेळी एक मोठ्या चिप्सवाला प्रत्येक हाताला रेझ करत होता कारण त्याला माहीत होतं की आत्ता कुणीही भांडणार नाही. शेवटी दुसऱ्याच टेबलावरून ओरडा आला, कुणीतरी बाहेर गेला, आणि आमच्या टेबलावर अनोळखी माणसांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. ती पाचदहा मिनिटं मला आजही आवडतात.

पण बबल पार झाल्यावरचं सगळ्यात खालचं बक्षीस साधारण बाय-इनच्या दीडपट-दुप्पट असतं. खरी रक्कम शेवटच्या टेबलावर. तेव्हा बबल पार झाला म्हणजे सगळ्यांचे पैसे दुप्पट असं ग्रुपमध्ये कुणाला वाटू देऊ नका.

देवकर_पाणंद
ताईंच्याच आकड्यावर सांगतो. १५० मधल्या २२ जणांना पैसे, म्हणजे सर्वसाधारण खेळाडू सहा-सात वेळा गेला तर एकदा काहीतरी घेऊन येणार. बाकी वेळा रिकाम्या हातानं. दहाही जणांनी साडेतीन हजार गेले असं धरूनच द्यावेत.

मध्यवर्ती_बसस्थानक
जरा विषयांतर, गच्चीवर होल्डेम शिकवताना दरवेळी एकच भांडण होतं. तीन पानी खेळलेले सगळे म्हणतात सीक्वेन्स मोठा, कलर लहान. पोकरमध्ये कलर मोठा. असं का?

देवकर_पाणंद
@मध्यवर्ती_बसस्थानक दोन्ही बरोबर आहेत, जे दुर्मीळ ते मोठं एवढाच हिशोब. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात नुसते कलर १,०९६ आणि नुसते सीक्वेन्स ७२०, म्हणून सीक्वेन्स भारी. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात, त्यात स्ट्रेट (सीक्वेन्स) १०,२०० आणि फ्लश (कलर) ५,१०८. पाच पानं एका रंगाची जमवणं अवघड होत जातं, म्हणून इथं फ्लश वर. दिवाळीत मामांना हे दाखवा, भांडण मिटेल.

मध्यवर्ती_बसस्थानक
मामा मानणार नाहीत पण आकडे लिहून घेतले.

कोर्ट_गल्ली
वकील म्हणून थोडं. हायकोर्टाचं सर्किट बेंच आता आपल्याच गावात आलंय म्हणून बिनधास्त राहू नका :)

मूळ पोस्टमध्ये एक गोष्ट फार चांगली आहे, गच्चीवर पैसे लावत नाही. तसंच राहू द्या. माणूस निवडायला घरीच प्रत्येकी हजार रुपये टेबलावर ठेवून एक मिनी टूर्नामेंट घ्यावी असं कुणीतरी सुचवणार, ते करू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, पण पोकर त्या सुटीत बसतो का यावर हायकोर्टांचं एकमत नाही. कर्नाटक हायकोर्टानं २०१३ मध्ये कौशल्याचा खेळ म्हणून खेळला तर परवाना लागत नाही असं म्हटलं, गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये पोकर जुगारच आहे म्हणून सांगितलं. रमीला सुप्रीम कोर्टाचा १९६७ चा निकाल आहे, पोकरला तसा नाही. मग शनिवारच्या खेळासाठी पोलीस स्टेशनला उत्तरं देत बसायची हौस कशाला?

गोव्याचं वेगळं. तिथल्या १९७६ च्या कायद्यात १९९२ मध्ये बदल करून पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीनला परवानगी दिली आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरचे खेळ आले, म्हणून मांडवी नदीत ती जहाजं उभी आहेत. आपल्याकडंही १९७६ चा कॅसिनोचा कायदा कागदावर होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये सरकारनं रद्द करायचं ठरवलं. त्यामुळं कोल्हापूरकरांना घाट उतरण्याला पर्याय नाही.

वय २१ पूर्ण हवं, फोटो ओळखपत्र मूळ न्या, पॅन कार्ड पण. आणि गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून आत खेळायला बंदी आहे, म्हणजे तुमच्यातला कुणी म्हापशाच्या पत्त्याचं आधार घेऊन फिरत असेल तर तो जाऊ नये.

उद्यमनगर_लेथ
मग माणूस निवडायचा कसा? पैसे न लावता लोक सीरियस खेळत नाहीत. कुणीही पहिल्याच हाताला ऑल-इन करतंय, सगळ्या चिप्स एकदम पुढं.

आजरा_घनसाळ
@उद्यमनगर_लेथ गुणांची लीग घ्या. आठ शनिवार, प्रत्येक वेळी पहिल्याला १०, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ५ असे गुण, शेवटी सगळ्यात जास्त गुण त्याचा जाणार. पैसे कुठंच नाहीत पण गोव्याचं तिकीट पणाला आहे, मग पहिल्या हाताला कोण ऑल-इन करतो बघा. एकाच रात्रीत निवडलं तर ज्याला पानं आली तो जाणार, आठ रात्रींत थोडंफार खरं कळतं.

कोर्ट_गल्ली
लीगची कल्पना चांगली आहे. काँट्रीचे पैसे खेळाच्या रात्री गोळा करू नका एवढं बघा, वेगळ्या दिवशी खात्यावर घ्या.

डेबिट_क्रेडिट
टॅक्सचं मी सांगतो, कारण अशा ग्रुपमध्ये मैत्री इथंच तुटते.

पत्त्याच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टॅक्स, १० हजारांच्या वर असेल तर कॅसिनो टीडीएस कापूनच देतो. हा दर सगळ्यांना सारखा, तुमचा पगार कितीही कमी असला तरी. त्यावर ४ टक्के सेस रिटर्न भरताना लागतो, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. उदाहरण घ्या, ३ लाख जिंकले. हातात येणार २ लाख १० हजार. सगळे खूश होऊन तिथंच वाटून घेतले तर जुलैत रिटर्न भरताना सेसचे ३,६०० रुपये एकट्या खेळणाऱ्याच्या खिशातून जाणार. तेव्हा वाटायची रक्कम २,०६,४००, बाकी बाजूला.

दुसरं, यातून खर्च वजा होत नाही. प्रवास, हॉटेल काहीही दाखवता येत नाही, आणि आधीच्या हरलेल्या पैशाशी वजावट पण नाही. खेळणाऱ्याचं रिटर्न सध्या सोपं असेल तर फॉर्म बदलतो, तोही खर्च धरा.

तिसरं, पैसे ज्याच्या पॅनवर आले त्याचंच ते उत्पन्न दिसणार. बाकीच्यांना तो टॅक्स कापून उरलेल्यातले पैसे देतोय. माणशी १५-२० हजारांची गोष्ट असेल तर फार डोकेदुखी नाही, पण मोठं बक्षीस लागलं आणि एकेकाला ५० हजारांच्या वर रक्कम गेली तर नातेवाईक नसलेल्याकडून आलेले पैसे म्हणून घेणाऱ्याच्या रिटर्नमध्ये पण प्रश्न येतो. म्हणून आधी एका कागदावर कुणी किती दिले आणि कुणाचा किती टक्के हे लिहून दहाही जणांच्या सह्या घ्या, पैसे बँकेतून द्या, आणि मोठं काही झालंच तर वाटायच्या आधी आपल्या सीएकडं जा.

अजून एक, कॅसिनोवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. जाहिरातीतल्या ३० हजारांत काय काय धरलंय ते फोन करून विचारा, काउंटरवर प्रत्यक्ष किती भरायचे तोच खरा बाय-इन.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
@डेबिट_क्रेडिट सर हे सोन्यासारखं आहे. मग हिस्सा दहा जणांचा समान का? आमच्यातला एक म्हणतोय की जो जाऊन चौदा तास बसणार त्याला जास्त हवं. दुसरा म्हणतोय त्याला फुकट खेळायला मिळतंय तेच खूप.

उद्यमनगर_लेथ
समानच. पैसे समान तर हिस्सा समान. लीग जिंकून गेला म्हणजे उपकार नाही केले.

आजरा_घनसाळ
@उद्यमनगर_लेथ नाही पटत. खेळणाऱ्याला पुरेसा हिस्सा नसेल तर रात्री बाराला, डोळे जड झालेले असताना, तो नीट खेळणार कशासाठी? रीत अशी की आधी सगळ्यांचे घातलेले पैसे परत, मग जो नफा उरेल त्यातला ठरलेला भाग खेळणाऱ्याला आणि उरलेला सगळ्यांत समान. नफ्याचे २५ टक्के खेळणाऱ्याला म्हणा. सीए साहेबांच्याच आकड्यावर बघा, २,०६,४०० मधून ३५ हजार परत गेले, उरले १,७१,४००. त्याचे २५ टक्के ४२,८५० खेळणाऱ्याला. राहिले १,२८,५५०, ते दहांत वाटले की माणशी १२,८५५. म्हणजे घरी बसलेल्याला साडेतीन हजाराचे १६,३५५ झाले. यात कुणी नाराज व्हावं असं काय आहे?

उद्यमनगर_लेथ
आकडे बघून पटलं. पण २५ च्या वर नको.

उत्तरेश्वर_पेठ
कागद करताय तर त्यात माझी एक ओळ घाला. एकदाच एंट्री. बाहेर पडला तर परत पैसे भरून आत जायचं नाही, आणि गेलाच तर ते त्याचे स्वतःचे. आणि जाताना बाय-इन, जेवण आणि परतीच्या भाड्याएवढेच पैसे न्यायचे, क्रेडिट कार्ड बरोबरच्या माणसाकडं द्यायचं.

राजारामपुरीची_लेक
काकांना १०० टक्के पाठिंबा. री-एंट्री पहिले काही तास चालू असते आणि बाहेर पडलेला माणूस टेबलापासून काउंटरपर्यंत चालत जाईपर्यंत विचार करत नाही, मी कितीतरी लोकांना तसं जाताना बघितलंय. एकटा पाठवू नका, बरोबर एक जण हवाच, त्यानं खेळायचं नाही. दर काही लेव्हलनंतर ब्रेक असतो तेव्हा पाणी, दोन घास, आणि झालेल्या हातांबद्दल अजिबात बोलायचं नाही एवढंच त्याचं काम.

कसबा_बावडा
रस्त्याचं कुणी बोललंच नाही. गडहिंग्लज-आजरा-आंबोली-सावंतवाडी-बांदा सगळ्यात सरळ. राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट बघायला सुंदर पण पावसाळ्यात रात्री नको. आदल्या दिवशी पोचा, घाटात पोट डचमळलेल्या माणसाला दुपारी टेबलावर बसवू नका. जहाजावर जायला पणजीच्या जेट्टीवरून छोटी बोट असते, त्यात पण वेळ जातो.

मिसळ_आणि_कट
आजऱ्यात थांबून घनसाळचा भात खायचा, इथल्या सदस्यांना निरोप देऊन.

आजरा_घनसाळ
@मिसळ_आणि_कट या की, सगळ्या गाडीला जेवण माझ्याकडं.

उद्यमनगर_लेथ
एक शंका. समजा आमच्यातला अजून एक जण स्वतःच्या पैशानं त्याच टूर्नामेंटला बसला आणि दोघं एकाच टेबलावर आले तर? एकमेकांना सांभाळून खेळले तर दोघांचाही फायदाच ना?

राजारामपुरीची_लेक
@उद्यमनगर_लेथ हे अजिबात नको. मित्र आहे म्हणून हलकं खेळणं, त्याला चिप्स जाऊ देणं, खुणा करणं याला तिथं सरळ फसवणूक धरतात, दोघांनाही बाहेर काढू शकतात आणि मग भरलेले पैसेही गेले. आणि नुसतं नियमासाठी नाही, समोर बसलेल्या सात अनोळखी माणसांनी पण आपल्यासारखेच पैसे जमवून आणलेले असतात. जागा चिठ्ठीनं ठरते त्यामुळं एकत्र येण्याची शक्यता कमी, पण आलातच तर नवऱ्याविरुद्ध मी जशी खेळले असते तसं खेळायचं, दया न दाखवता.

आणि हात चालू असताना मराठीत बोलायचं नाही. टेबलावरच्या सगळ्यांना कळेल अशीच भाषा, इंग्लिश किंवा तिथं चालत असेल तर हिंदी. मागं उभ्या असलेल्या मित्रानं 'टाक रे' एवढं म्हटलं तरी डीलर फ्लोअर मॅनेजरला बोलावतो.

गंगावेशचा_गडी
म्हंजे मागं हुबं राहून आरडाओरडा बंद. कोल्हापूरकराला ह्येच सगळ्यात अवघड जाणार.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दहाही जण बसून हा धागा मोठ्यानं वाचला. ठरलं ते सांगतो. आठ शनिवारची गुणांची लीग, ब्लाइंड दर २० मिनिटांनी वाढणार, टेबलावर पैसे नाहीत. काँट्री महिन्याच्या १० तारखेला खात्यावर. हप्तेवाल्या दोघांची काँट्री नाही, ते लीग खेळणार पण गोव्याला जाणार नाहीत आणि हिस्साही नाही, हे त्यांनीच सांगितलं. त्यामुळं आठ जणांत माणशी ४,३७५ झाले. नफ्याचे २५ टक्के खेळणाऱ्याला. एकच एंट्री, कार्ड बरोबरच्या माणसाकडं. काकांची ओळ कागदात जशीच्या तशी घातली आहे.

एक राहिलं. लीगमध्ये दोघांचे गुण समान झाले तर?

देवकर_पाणंद
आठ रात्रींत कोण जास्त वेळा पहिला आला ते बघा. तेही समान असेल तर दोघांचाच एक डाव, समान चिप्स, ब्लाइंड दहा मिनिटांनी.

कसबा_बावडा
आणि जो हरेल तो बरोबर जाणारा, कार्ड त्याच्याकडं.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
मान्य. पहिला शनिवार येत्या आठवड्यात, गुणांचा तक्ता इथंच टाकत जातो.